पंधरा ते पन्नास, आणि मधली पस्तीस वर्षं

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला अधिकृतपणे गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. तेव्हापासून मायदेशातल्या चर्चांमध्ये एक वाक्य सतत ऐकू येतं: ‘युरोपात बघा, जुन्या गाड्या किती जपतात!’ पद्मिनी मूळची ज्या फियाटची, तिच्या गावात, इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिन) राहून सांगतो, हे वाक्य अर्धंच खरं आहे. फियाट १२४ स्पोर्ट कूपेचं काय झालं ते पाहिलं की उरलेलं अर्धं लक्षात येतं.

ही कूपे, म्हणजे दोन दरवाजांची गाडी, १९६७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आली. चार दरवाजांच्या १२४ सलूनचाच २४२० मिलीमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), चौघांना खरोखर बसता येईल अशी जागा, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आकार फियाटच्याच डिझाइन विभागातला, मारियो बोआनो यांच्या हातचा. पहिल्या एसी मालिकेत १४३८ सीसीचं ९० अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९६९ च्या अखेरीस आलेल्या बीसी मालिकेला चार हेडलाइट आणि १६०८ सीसीचा पर्याय मिळाला. शेवटची सीसी मालिका १५९२ आणि १७५६ सीसीची. १९७५ मध्ये उत्पादन थांबलं तोवर अडीच लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या.

या गाडीचा जीव तिच्या इंजिनात आहे. फेरारीतून फियाटमध्ये आलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी सलूनच्या पुशरॉड इंजिनावर दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे वरच असलेलं) हेड बसवलं आणि ते साखळीऐवजी दातेरी रबरी बेल्टने फिरवलं. तोवर मुख्यतः महागड्या गाड्यांत असलेली ही रचना मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. याच घराण्यातल्या इंजिनावर लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं निर्मात्यांची जागतिक रॅली अजिंक्यपदं मिळवली.

पण हाच बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. म्हणून ४० हजार किलोमीटर किंवा तीन वर्षं, जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. बदलताना क्रँक पुलीची खूण शून्य अंशाच्या रेघेवर आणायची, इग्निशनच्या अंशांच्या रेघांवर नाही. दोन्ही कॅम पुलींची भोकं निर्देशकांशी जुळवायची. खालच्या ऑक्झिलरी (सहायक) शाफ्टच्या पुलीकडे बरेच फिटर दुर्लक्ष करतात. त्या शाफ्टवर पेट्रोल पंप चालवणारा उंचवटा (लोब) असेल आणि पुली चुकीच्या जागी बसली, तर तो कनेक्टिंग रॉडला लागू शकतो. बेल्ट चढवल्यावर टेन्शनरचं नट सैल करून स्प्रिंगला ताण घेऊ द्यायचा, इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवायचं, खुणा पुन्हा पाहायच्या आणि मग नट आवळायचं. बेल्ट उतरलेला असताना कॅम मोकळे फिरवायचे नाहीत, व्हॉल्व्ह एकमेकांनाच भिडतात.

इंजिनं टिकली, गाड्या पत्र्यापायी गेल्या. सिल (दरवाजाखालची पत्र्याची पट्टी), पुढच्या मडगार्डांचे मागचे खालचे कोपरे, काचेचा खालचा काठ, स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे बुरूज आतून सडतात. सडलेल्या आतल्या सिलवर नवं बाहेरचं सिल ठोकून वर लांबी भरलेल्या गाड्या आजही विक्रीला येतात, त्यांच्याकडे फिरकू नये. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करावा लागतो, नाहीतर बॉडी खचते आणि दरवाजा पुन्हा बसत नाही.

एवढ्या कामाच्या खर्चात दुसरी कूपे येत असे, म्हणून मालकांनी त्या भंगारात घातल्या. १९९७ मध्ये इटालियन सरकारने दहा वर्षांवरच्या गाड्या मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना अनुदान दिलं. तेव्हा कुणी वारसा आठवला नाही. आपल्याकडच्या स्क्रॅपेज धोरणावर बोलताना हा इतिहास सोयीस्करपणे वगळला जातो.

उरलेल्या कूपे वाचल्या त्या दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे तिची बहीण, १२४ स्पायडर. ती १९८५ पर्यंत बनली, अमेरिकेत भरपूर खपली, आणि म्हणून इंजिन-ब्रेकचे सुटे भाग आजही नवे बनतात. कूपेचे बॉडी पॅनेल, काचा आणि क्रोम पट्ट्या मात्र शोधत फिरावं लागतं. दुसरी गोष्ट कागद. १९६६ साली स्थापन झालेला आसी हा ऐतिहासिक वाहनांचा महासंघ वीस वर्षांवरच्या गाडीची मौलिकता तपासून प्रमाणपत्र देतो. ते नोंदवलं की वाहनकर निम्मा, आणि तीस वर्षांनंतर तो माफ. रस्त्यावर आणली तर नाममात्र शुल्क. दर दोन वर्षांनी तपासणी मात्र चुकत नाही.

भारतात २०२१ च्या नियमांनी विंटेज नोंदणी आणली. ती पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या वाहनांसाठी आहे: शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’, आणि रोजच्या वापराला मनाई. नियम चांगलाच आहे. पण खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर. पंधरा ते पन्नास या टप्प्यात महिन्यातून एकदा बाहेर काढलेली, मूळ पत्र्याची गाडी आणि रोज धूर ओकणारी गाडी कायद्याला सारखीच.

याचा पहिला बळी प्रीमियर ११८ एनई ठरेल. १९८५ मध्ये प्रीमियरने आणलेली ही गाडी म्हणजे १२४ चीच बॉडी, आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. पद्मिनीइतकं प्रेम तिला मिळालं नाही, टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या आठवणींत रुजली नाही. तोरिनोचा आराखडा, जपानी इंजिन आणि मुंबईची कंपनी यांचा असा संगम मात्र दुसरीकडे नाही. सर्वात जुनी ११८ एनई पन्नाशी गाठेल २०३५ मध्ये. कोकणच्या दमट हवेत १२४ चा पत्रा किती टिकतो, हे ती बाळगणाऱ्यांना विचारा.

माझी मागणी सरसकट सवलतीची नाही. दिल्लीची किंवा मुंबईची हवा शौकिनांसाठी बिघडू नये. पंचवीस वर्षांवर एक मधला वर्ग हवा: वार्षिक किलोमीटरची मर्यादा, धुराची तपासणी, चासी आणि इंजिन क्रमांकांची छायाचित्रांसह नोंद, आणि त्या बदल्यात पर्यावरण करात सूट. या नोंदी आरटीओने मान्यताप्राप्त क्लबांकडून करून घ्याव्यात, आणि ११८ एनईच्या बाबतीत सिलच्या आतला पत्राही उघडून पाहावा.