शाळेत बँडला होतो, हे नीट कसं सांगायचं

भावा, चाळिशी आली, पोट सुटलं, व्हॉट्सॲपवर शाळेचा ग्रुप निघाला, म्हणजे तू शाळेत बँडला होतास हे आता जगाला कळायची वेळ झाली. पण उगं घाई करू नको. कोल्हापुरात आठवणी सांगणारे लै आणि त्या तपासणारे त्याहून लै, तेव्हा जरा शिस्तीत घे.

आधी वाद्य ठरव. शाळेत असताना ते खेळाच्या सरांनी ठरवलं होतं, आता तुझ्या हातात आहे. तू ट्रँगल वाजवायचास हे तुला माहिताय, मला माहिताय, पण बायकोला माहीत नाही, तेवढं बास. ट्रँगल कुणाला मिळायचा? ज्याचे वडील शाळेत येऊन "ह्याला पण घ्या की सर" म्हणायचे त्याला. आवाज ऐकू यायचा तो बाकी सगळे थांबल्यावर, आणि नेमका तेव्हा तो यायला नको असायचा. सोडून दे.

मोठा ढोल म्हणशील तर आधी जुने फोटो कुणाकडं आहेत काय बघ. तो ढोल तालमीत जाणाऱ्या पोरालाच मिळायचा, शिवाजी पेठेतलं नाहीतर मंगळवार पेठेतलं दणकट पोरगं, छातीवर बांधला की त्याला पायाखालचा रस्ता दिसायचा नाही, पुढं खड्डा आहे का शेण आहे हे शेजारच्यानं सांगायचं. आणि त्याचा ठोका डाव्या पायावर, तो चुकला की मागची अख्खी लाइन पाय बदलत उड्या मारायची. तू त्या वयात सायकलच्या कॅरिअरवरनं उडून जाशील असा होतास, कोण विश्वास ठेवणार.

बिगुलाचा तर नादच करू नको. "मी बिगुलावर जन गण मन वाजवायचो" असं सांगणारे आपल्याकडं गल्लीगल्लीत सापडतील, पण बिगुलाला बटणं नसतात मर्दा, सगळा खेळ ओठांचा आणि फुंकीचा, त्यातनं मोजके चार-पाच सूर निघतात, त्यात राष्ट्रगीत बसत नाही. दुसरीकडं खपलं असतं. पण इथं कुणाचे तरी सासरे शिरोळकडचे, सैनिक टाकळीचे, फौजेतनं रिटायर झालेले, कोपऱ्यात गप चहा पीत बसलेले असतात. ते कप खाली ठेवून "कुठल्या बिगुलावर, पावणं?" एवढंच विचारतात. मग तुला अर्जंट फोन येतो.

म्हणून साइड ड्रम. याच्याएवढी सेफ थाप दुसरी नाही, कारण साइड ड्रमवाले पाच-सहा तरी असायचे आणि त्यातला कोण नुसता काड्या हलवतोय हे सरांना पण कळत नव्हतं. बोलताना थोडं टेक्निकल पेरायचं: खालच्या पानाला तारा असतात, त्या आवळल्या की कडकड वाजतंय, ढिल्या सोडल्या की नुसतं डबडं. ड्रम डाव्या मांडीवर तिरका टेकायचा, चालताना कड घासून तिथं निळं पडायचं. हे सांगताना हात डाव्या मांडीवरच ठेव, उजवीवर गेला की संपलास.

(झांजवाल्यांना एक स्वतंत्र सूचना. दोन्ही झांजा सपाट एकमेकींवर आपटल्या तर मधे हवा अडकून नुसतं धप्प होतं, जरा तिरक्या घासून मारायच्या असतात. हे शाळेत असताना कळलं असतं तर बरं झालं असतं, पण आता सांगायला हरकत नाही. आणि ताईंनो, तुम्हाला यातलं काहीच लागू नाही, तुम्ही खरंच प्रॅक्टिस करून यायचा.)

ताल का चुकायचा असं कुणी विचारलं तर पावसावर ढकल. ते बऱ्यापैकी खरं पण आहे. शाळा उघडायची जूनच्या मध्यावर आणि 26 जूनला शाहू महाराजांची जयंती, दसरा चौकापर्यंत फेरी, म्हणजे प्रॅक्टिसला हातात जेमतेम दहा दिवस आणि वरनं कोल्हापूरचा पाऊस. चामड्याचं पान ओल धरलं की सैल पडतंय, मग पेपर पेटवून शेकत बसायचं, तोवर फेरी निम्म्यात.

बँडमध्ये का गेलास या प्रश्नाला "देशभक्ती" हे उत्तर दे. गणिताचा तास बुडायचा म्हणून, हे म्हणू नको, पोरगं ऐकत असतंय.

फोटो मागितला तर 2019 चा महापूर. कपाटासकट गेला म्हणायचं, कोल्हापुरात यावर कोण उलटा प्रश्न विचारत नाही. फक्त घर कुंभार गल्लीच्या बाजूला पाहिजे. टाकाळ्याच्या चढावर राहून पुराच्या गोष्टी सांगशील तर ट्रँगलसकट सगळं बाहेर येईल.

राहता राहिलं गेटटुगेदर. तिथं कोणतरी हौशी माणूस खरा ड्रम भाड्यानं आणतोच. खांदा जखडलाय म्हण, डॉक्टरनी हात वर करायला बंदी केलीय म्हण. खरा धोका सरांचा. त्यांना बीपीची गोळी घेतली का नाही आठवत नाही, पण कुठल्या बॅचला कोण काय वाजवत होतं ते आडनावासकट पाठ असतंय. सर येणार असतील तर त्या दिवशी तुझं गोव्याला काम निघालेलं बरं. जावंच लागलं तर पाया पड आणि ते तोंड उघडायच्या आत जेवणाच्या लाइनीत जाऊन उभा राहा, तांबडा-पांढरा वाढायला लागल्यावर माईक कुणी हातात घेत नाही.