मिनॉक्सिडिलनं केस गळतात खरे, टक्कल मात्र त्यानं पडत नाही

मिनॉक्सिडिल या टाळूला लावायच्या, केस वाढवणाऱ्या औषधाबद्दल सध्या फिरत असलेला दावा थोडक्यात असा: “मिनॉक्सिडिल लावलं की महिनाभरात आधीपेक्षा जास्त केस गळतात, बंद केलं की उरलेलेही जातात. म्हणजे औषधच टक्कल पाडतं. खरं कारण टाळूला रक्त कमी मिळणं. रोज डोकं खाली करून मालिश करा, एकदा गोटा करा, बायोटिन घ्या. तीन महिन्यांत गळती थांबते.”

यातली निरीक्षणं बरीचशी खरी आहेत. चुकलाय तो हिशेब, आणि बहुतेक ठिकाणी चूक एकच: आज गळालेल्या केसाचं कारण आजच्या दिवसात शोधलंय. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, २-३ आठवड्यांत वाढ आवरती घेतो आणि पुढे साधारण ३ महिने नुसता रुतून बसतो. मग गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे याच चक्रात बसतं. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की “मुळासकट निघाला” म्हणून जीव घाबरा होतो. तो विश्रांतीतल्या केसाचा गड्डा असतो. ज्या पिशवीतून केस उगवतो ते फॉलिकल कातडीतच राहतं.

“सुरुवातीला गळती वाढते.” हो, काहींना वाढते, साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या फॉलिकलना वेळेआधी कामाला लावतं. खालून नवा केस निघाला की वरचा, जो तसाही महिन्या-दोन महिन्यांत जाणारच होता, तो लगेच सुटतो. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण बाटली टाकून देतात. गळती सोसून झाली, उगवण दिसायच्या आत औषध बंद! निकाल चौथ्या ते सहाव्या महिन्यात बघायचा, तोही त्याच उजेडात, त्याच भांगाचे, कोरड्या केसांचे फोटो शेजारी ठेवून. न्हाणीघराच्या जाळीतले केस मोजून काही कळत नाही.

गुण न येण्याचं कारण कित्येकदा लावण्याच्या पद्धतीत असतं. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. स्त्रियांसाठी २ टक्क्यांचं द्रावण दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस एकदा. टाळू कोरडी हवी. भांग पाडत पाडत औषध कातडीवर टेकवायचं. केसांवर गेलेलं वाया गेलं. दुप्पट लावल्यानं केस दुप्पट येत नाहीत, औषध अंगात जास्त भिनतं, मग धडधड किंवा सूज येऊ शकते. खाज बऱ्याचदा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची असते, ते नसलेल्या फेसानं ती सहसा थांबते. लावल्यावर हात धुवायचे आणि २ ते ४ तास वाळू द्यायचं, नाहीतर उशीला लागून कपाळावर, गालावर लव येते. घरात मांजर असेल तर विशेष जपा. चाटण्यातून गेलेलं थोडंसं मिनॉक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेततं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे वापरू नये. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

“बंद केलं की आधीपेक्षा वाईट होतं.” दिसतं तसं. आनुवंशिक टक्कलात डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेली फॉलिकल दर चक्राला लहान होत जातात, केस बारीक आणि आखूड येतो. मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. दोन वर्षं लावलं तरी खाली ती दोन वर्षांची झीज चालूच असते. औषध थांबवलं की ३-४ महिन्यांत ती एकदम उघडी पडते, आणि डोकं औषध न लावता जिथे पोचलं असतं तिथे पोचतं. त्याहून खाली जात नाही.

डीएचटी कमी करणारं औषध वेगळं: फिनॅस्टराइड, पुरुषांसाठी रोज १ मिलिग्रॅम, अमेरिकेत १९९७ पासून मान्यताप्राप्त. तेही घेत राहावं लागतं. थोड्या पुरुषांत कामेच्छा आणि ताठरता कमी होते. प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा साधारण निम्मा येतो, म्हणून चाचणीआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. गरोदर स्त्रीनं फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

“टाळूला रक्त मिळत नाही.” याचं उत्तर १९५९ मध्येच मिळालंय. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी दाखवलं की मागच्या बाजूचे केस टकलावर लावले तर ते तिथेही वाढत राहतात. जागा तीच, रक्त तेच, फक्त फॉलिकल वेगळं. केसरोपण उभं आहे ते याच तत्त्वावर. मालिशनं बरं वाटतं, जरूर करा. खसाखसा रगडलं तर केस तुटतात.

गोटा करण्याबद्दल फार बोलायला नको. वस्तरा कातडीच्या वर चालतो, फॉलिकल काही मिलिमीटर खाली असतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून खुंट जाड भासतात.

बायोटिन हे एक जीवनसत्त्व, त्याची खरी कमतरता विरळा. मोठ्या मात्रेत ते थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं, आणि केस गळणाऱ्या माणसाला तीच चाचणी सांगितली जाते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, ते म्हणतील तितके दिवस आधी बंद ठेवा.

“तीन महिन्यांत थांबते.” जोराचा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचं डाएट झालं की २-३ महिन्यांनी भसाभस केस जातात, आणि कारण संपलेलं असेल तर ३ ते ६ महिन्यांत गळती आपोआप ओसरते. ऐन भरात जे सुरू केलं त्याला श्रेय! तेव्हा तीन महिने मागचं कॅलेंडर काढा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासून घ्या. केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे गळती थांबल्यावरही दाटपणा दिसायला सहा महिने ते वर्ष जातं.

काही ठिकाणी मात्र थांबून बघायचंच नसतं. गोल चकती पडली तर ती बहुधा चाई, तिचे उपचार निराळे. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. तिला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. आणि टाळू दुखते, लाल होते, पू येतो, किंवा कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर फॉलिकल व्रणाखाली कायमचं जातंय. तिथे तीन महिने नाहीत, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा; ते बहुधा बायॉप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी, सांगतील.