एका चाचणीवर तुकड्या पाडू नका

बुद्धिमत्ता चाचणीत निघालेल्या बुद्ध्यांकावरून पाचवीतच मुलांच्या तुकड्या कराव्यात, कारण दहावीचं यश त्यावरून आधीच कळतं, असं एका लेखात म्हटलंय. दापोली तालुक्यात शिकवणारा शिक्षक म्हणून मला हे अजिबात पटलं नाही.

चाचण्या पोकळ आहेत असं माझं म्हणणं नाही. मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली इंग्लंडमधल्या ७० हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकराव्या वर्षीची चाचणी आणि सोळाव्या वर्षीची परीक्षा यांत ०.८१ सहसंबंध निघाला (दोन्हींचा मेळ किती, याचं हे माप; १ म्हणजे पूर्ण मेळ). फार मोठा आकडा आहे हा! पण विषयवार बघा: मुलामुलांच्या गणिताच्या गुणांतला जवळपास ५९ टक्के फरक चाचणीवरून कळला, कलेतला फक्त १८ टक्के. आणि हे सगळं हजारो मुलांच्या गटाबद्दल. समोर बसलेल्या एका पोराचं भविष्य त्यातून निघत नाही.

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात आईसोबत तोंडी हिशेब करणारी मुलगी कागदावरच्या आकृत्यांपुढे गांगरते, कारण तसे प्रश्न तिने पाहिलेलेच नसतात. शिष्यवृत्तीचा क्लास लावलेल्या मुलाने मात्र त्याच ‘बुद्धिमत्ता चाचणी’चा वर्षभर सराव केलेला असतो. मग मोजलं काय, बुद्धी की सराव?

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी तयार केली ती कुणाला जादा मदत हवी हे ओळखायला. चाचणी जरूर घ्या. पण जो मागे पडेल त्याला आधी चांगला शिक्षक द्या, वेगळी तुकडी नको.