‘चुकून पडली’ म्हणे बोली!

तीनदा चुकून?

एका अ‍ॅपवर मी माझं जुनं घड्याळ लिलावाला लावलं होतं. एका भाऊची पहिली बोली ५,२००. नाशिकच्या एका गृहस्थांनी ती ओलांडली, तर याने ६,१०० टाकली. तीही ओलांडली गेली, तर शनिवारी रात्री अकरा वाजून गेल्यावर ७,२००. म्हणजे जेवूनखाऊन, पंखा पाचवर करून, आडवं पडून टाकलेली. आणि रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बघते तर तिन्ही साफ. ७,१०० वर गेलेलं घड्याळ १,९५० वर येऊन बसलेलं. कारणाच्या रकान्यात काय, तर ‘रक्कम चुकीची टाइप झाली’. अरे, बोट एकदा घसरतं. चढत्या क्रमाने, समोरच्याला बरोब्बर मागे टाकत तीनदा घसरणारं बोट असेल तर तबल्याच्या क्लासला जा ना, माझ्या लिलावात काय करतोयस?

वेळही बघा. लिलाव संपणार रात्री नऊला. या अ‍ॅपवर शेवटच्या बारा तासांत बोली सहजासहजी मागे घेता येत नाही. भाऊने मागे घेतली सकाळी आठ चाळीसला. वीस मिनिटं हातची राखून! ज्याला चार आकडे धड टाइप करता येत नाहीत त्याला नियमावलीतलं बारीक अक्षरांतलं कलम मात्र तोंडपाठ.

घड्याळ एचएमटी पायलट. काळी डायल, सतरा ज्वेल्स, चावीचं. आणि डायल मूळची, हे ओरडून सांगावं लागतं, कारण जुन्या मशिनवर ताजी रंगवलेली डायल चढवून विकली जाणारी ‘मुंबई स्पेशल’ घड्याळं इतकी बोकाळलीत की खऱ्या घड्याळालाच जातीचा दाखला मागतात. म्हणून मी दिवाणखान्याच्या खिडकीत उभं राहून फोटो काढले. आकड्यांवरचं रेडियम पिवळट पडलंय, काट्यांवरचंही त्याच रंगाचं पडलंय, हे दिसावं म्हणून जवळून एक. पाठीमागचं झाकण उघडून मशिनचा एक. चारच्या आकड्यापाशी केसाएवढा ओरखडा आहे, त्याचासुद्धा वेगळा फोटो, खाली स्वच्छ लिहून. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत मी एवढं खरं सांगितलं नव्हतं.

तरी ‘चुकून’.

बरं, जायचं तर जा. पण जाताना काय करून गेला ते ऐका. इथे आपण कमाल रक्कम लावून ठेवायची, मग तिथपर्यंत अ‍ॅपच आपल्या वतीने भाव चढवतं, समोरच्याच्या जेमतेम वर. त्याच्या ७,२०० ला धडकून नाशिककरांची कमाल रक्कम उघडी पडली. त्यांनी ७,००० लावून ठेवले होते, हे आता सगळ्या दुनियेला कळलं. आणि भाऊ नाहीसा झाल्यावर त्यांच्या खाली उरला कोण, तर १,९०० वाला एक किरकोळ इसम. अकराच्या सुमारास मला नाशिककरांचा मेसेज: ‘सर, तो तुमचाच माणूस होता ना?’

सर! प्रोफाइलला फोटो नाही आणि नावाची नुसती आद्याक्षरं आहेत म्हणून मी सर. जुनी घड्याळं विकणारी व्यक्ती साडी नेसून आमटीला फोडणी देत असू शकते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण ते सोडा. तुमचाच माणूस! म्हणजे मी दुसऱ्या नावाने खातं काढलं, त्यांचा खिसा चाचपला, आकडा कळल्यावर माणूस उठवला, आणि आता दुसऱ्या कुठल्या खात्यावरून त्यांना ६,९५० पर्यंत चढवणार. एवढं डोकं मला असतं तर मी नौपाड्यात वन बीएचकेमध्ये राहिले असते?

मी उत्तर दिलं. नम्रपणे दिलं, माझ्या मते. त्यावर त्यांनी स्क्रीनशॉट काढून घड्याळवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ‘विक्रेत्यापासून सावध राहा.’ खाली तीन हात जोडलेले, दोन डोळे वटारलेले, आणि पुण्याच्या एका माणसाने विचारलेलं, ‘पट्टा ओरिजिनल आहे का?’

इथे मला खरी तिडीक गेली. बोली मागे घेणाऱ्याचं काय गेलं? शून्य. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्याच्या खात्यावर ओरखडा नाही, तो रविवारी दुपारी मटण खाऊन झोपला असेल. आणि चोर कोण? मी. ज्याने शब्द मोडला तो मोकळा आणि ज्याच्या दारात मोडला त्याच्या दाराला काळं.

आता म्हणाल, तक्रार कर. केली. उत्तर आलं: आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुढे एक लिंक. लिंकवर पुन्हा तोच रकाना, त्यात बोली मागे घ्यायची मान्य कारणं, आणि पहिलंच कारण ‘रक्कम चुकीची टाइप झाली’. म्हणजे चोराला किल्ली कुठल्या खिशात आहे ते दारावरच लिहून ठेवलंय.

हे ‘हो’ म्हणून मागे फिरायचं खूळ कुठून आलंय कळत नाही. ठाणे स्टेशनला रिक्षावाला वसंत विहार म्हटल्यावर मान हलवतो, मीटर टाकतो, आणि कॅडबरी जंक्शनला म्हणतो, ‘ताई, इथेच सोडतो, पुढे गॅस भरायचाय.’ कॅबवाला फोन करून ‘कुठे जायचंय, कॅश का ऑनलाइन’ विचारतो आणि ऑनलाइन म्हटलं की तिथल्या तिथे नकाशावर उलटा फिरतो. कोपरखैरण्याचा एक जण माझं एचएमटी ‘जनता’ बघायला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली भेटतो म्हणाला, मी छत्री धरून उभी, आणि हा फोन उचलत नाही. रात्री मेसेज, ‘सॉरी, वाइफ नको म्हणाली.’ अरे, वाइफला आधी विचारायला काय झालं होतं! आणि सगळ्यांत कहर म्हणजे माझा सख्खा भाऊ, होळीला सहकुटुंब येतो म्हणाला, पुरणपोळ्या लाटून झाल्यावर फोन, ‘अगं, छोट्याची परीक्षा आहे.’ होळीच्या दिवशी कळलं तुला परीक्षा आहे? ते पुरण आम्ही आठवडाभर खाल्लं. हा विषय वेगळा आहे, पण नाही, वेगळा नाही.

सोमवारी लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरचे वकीलकाका भेटले. मी भडाभडा सगळं ओतलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘कायदा त्याच्या बाजूने आहे.’ माल विक्री कायदा, १९३०, कलम ६४. लिलावात हातोडा पडेपर्यंत बोली लावणाऱ्याला माघार घेता येते. एवढ्यावर थांबतील तर वकील कसले. लिफ्टचं दार पायाने अडवून त्यांनी मला १७८९ साली इंग्लंडात नेलं. पेन विरुद्ध केव्ह. कुणीतरी दारू गाळायच्या भट्टीतल्या कथलाच्या नळीवर ४० पौंडांची बोली लावली, मग नको म्हणाला, आणि कोर्टाने त्यालाच बरोबर ठरवलं. म्हणजे भाऊला दोनशेहून जास्त वर्षांचं घराणं आहे. खालून कुणीतरी लिफ्टसाठी दार आपटत होतं म्हणून सुटका झाली, नाहीतर मी रोमन काळापर्यंत गेले असते.

पण मग काका, सिडकोच्या भूखंडाच्या ई-लिलावात आधी अनामत का भरून घेतात? तिथे बोली लावून अंग काढा बघू, अनामतीवर पाणी. आयपीएलच्या लिलावात विकला गेल्यावर दुखापत नसताना अंग काढलं म्हणून हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये दोन वर्षांची बंदी आली, आणि तो तर इंग्लंडचा, त्याच पेन आणि केव्हच्या गावचा. वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, हत्ता पद्धत म्हणतात तिला. कागद नाही, साक्षीदार नाही, रुमाल उचलला की सौदा झाला. तिथे कुणी ‘माझी करंगळी चुकून दाबली गेली’ म्हणून दाखवावं. हमाल पेटीत भरून पाठवतील.

त्या रात्री मी भाऊला मेसेज लिहायला बसले. काय लिहिलं होतं! सुरुवात साधी होती, मग भाषा चढत गेली, मध्ये संस्कारांवर एक परिच्छेद, शेवटी ‘आपल्यासारख्यांमुळेच’ने सुरू होणारं असं एक वाक्य की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘छान आहे, पण कुकरच्या शिट्या किती झाल्या?’ पाठवायला गेले तर चौकटीत एवढी अक्षरं मावत नाहीत. कापत कापत गेले. संस्कार कापले. ‘आपल्यासारख्यांमुळेच’ कापलं. शेवटी पाठवलं ते ‘ठीक आहे.’ त्याने त्यावर अंगठा दिला. डाळ लागली ती वेगळीच.

आणि हो, ७,१०० रुपये माझ्या मनातल्या मनात कधीच खर्च झाले होते. शनिवारी रात्रीच मी एचएमटीचंच एक ‘कोहिनूर’ हेरून ठेवलं होतं, वर जांभळी नाक्याच्या घड्याळवाल्याकडे दोन नगांच्या सर्व्हिसिंगचे पैसेही त्यातच धरले होते. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाल्यापासून ज्याच्या त्याच्या कपाटातलं घड्याळ ‘रेअर’ झालंय, त्यामुळे चांगला नग दिसला की थांबायची सोय नसते. ते कोहिनूर अर्थातच दुसऱ्या कुणीतरी उचललं.

रविवारी रात्री नऊला काय झालं ते राहिलंच. ग्रुपवरच्या त्या ‘सावध राहा’मुळे एकाही माणसाने पुढे बोली लावली नाही. घड्याळ गेलं १,९५० ला. कुणाला? नाशिकच्या गृहस्थांना! मला चोर म्हणून झाल्यावर, सात हजार द्यायच्या तयारीत असलेल्या त्याच माणसाला माझं पायलट दोन हजारांच्या आत. आणि मला नाही म्हणायची सोय नाही, कारण विकणाऱ्याने अंग काढलं की त्याचं रेटिंग कापतात. घेणाऱ्याला १७८९ पासून मुभा, विकणाऱ्याला वेसण.

पैसे भरताना त्यांनी विचारलं, ‘कुरिअर फ्री ना सर?’

दिलं फ्री. चिडून पॅकिंगही इतकं घट्ट केलं की बबल रॅपचा अख्खा रोल संपला. पार्सल पोचलं, आणि आज त्यांचा रिव्ह्यू आला. पाचपैकी चार तारे. ‘घड्याळ वर्णनाप्रमाणेच, डायल अस्सल. पॅकिंग उघडायला त्रास झाला. सर थोडे तापट आहेत.’