दहा सेकंद

वर्गात विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक संपलं तेव्हा माझ्या वहीत एवढंच उतरलं होतं: 'बेणारेचे स्वगत म्हणजे स्त्रीमनाचा आक्रोश.' परीक्षेला तेवढं पुरतं. कट्ट्यावर नाही पुरलं.

नाटकात बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर तिच्याच नाटकमंडळीतले लोक खेळ म्हणून खटला चालवतात; काशीकर न्यायाधीश होतो. काडी मन्याने टाकली. "काशीकर घड्याळ पुढे धरून तिला दहा सेकंद देतो. आणि ती बोलते पानंच्या पानं. कसं काय?"

"बाकीचे थिजलेले असतात ना," पिंट्या म्हणाला. "म्हणजे ती बोललीच नाही. मनातल्या मनात."

ढापणी उसळली. "मनातल्या मनात? १९६७ साली 'रंगायन' नाट्यसंस्थेच्या प्रयोगात बेणारे झालेल्या सुलभा देशपांडे काय तोंड मिटून उभ्या होत्या?"

"अगं, प्रेक्षकांना ऐकू येतं. त्या खोलीतल्यांना नाही. नंतर एक जण तरी तिच्या बोलण्याला उत्तर देतो का? सरळ शिक्षा."

"आधी कधी दिलं होतं उत्तर? ती हसली तरी पुरावा, गप्प बसली तरी पुरावा. ती बोललीच. ह्यांनी ऐकलं नाही."

पिंट्याकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणून तो मोठ्याने बोलायला लागला. (हे त्याचं नेहमीचंच.)

मन्या मध्येच सामंतवर घसरला. गावातला साधा माणूस, कादंबरीतलं वाचलेलं साक्ष म्हणून सांगतो. लटकी आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी बाईला चिकटते तीच. "आणि शेवटी तो हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. आधी दगड मारायचा, मग हळद लावायची!"

मला हे पटलं नाही. पोपट ठेवायला निदान तो तरी वळतो. माझा राग दामलेवर, बेणारेच्या पोटातल्या मुलाच्या बापावर. तो रंगमंचावर येतच नाही, आणि आरोपी म्हणून त्याचं नाव घ्यायचं एवढ्या मोठ्या कोर्टात कुणाला सुचत नाही. खटला सुरू होतो मूल मारल्याच्या आरोपावरून आणि निकाल काय, तर पोटातलं मूल नष्ट करा. ज्याचं मूल, तो मोकळा.

"विषय दहा सेकंदांचा होता," ढापणीने मला आवरलं. ती आमच्यातली सुखात्मे, म्हणजे त्या खटल्यातला वकील.

शेवटी ठरलं, करून बघायचं. तिने मोबाईलवर वेळ लावली, पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. आम्ही तिघांनी पुतळे व्हायचं. चौथ्या सेकंदाला मन्या चुळबुळला. सातव्याला मी खाली बघितलं, पिंट्यानेही. दहा झाल्यावर तिला एक परिच्छेदही पुरा करता आला नव्हता, पण ती थांबली नाही.

घड्याळ कुणीच बघत नव्हतं. वाचून झाल्यावर पिंट्या म्हणाला, "तरी मी म्हणतो, मनातल्या मनातच."

"मग तू खाली का बघत होतास?" ढापणीने विचारलं.