तबकडी सोडून सगळीकडे पाहा

ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या छर्र्यांच्या बंदुकीने फोडायच्या खेळात, गेल्या पावसाळ्यापर्यंत २५ पैकी २२ मारणारे तुम्ही, आणि आता १४ च्या पुढे गाडी सरकत नाही, ही बातमी दादरपासून बोरिवलीपर्यंत सगळ्या नेमबाजांना कळलेली आहे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. कारण शोधायला लागा. शोधताना पथ्य एकच पाळायचं: कारण स्वतःच्या खांद्यापासून निदान हातभर लांब असलं पाहिजे.

तबकडीपासून सुरुवात केलेली बरी, ती उलटून बोलत नाही. ११० मिलिमीटर व्यास, १०५ ग्रॅम वजन, १५ मीटर पुढच्या खंदकातून ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने निघते. तुमचे २२ लागत होते तेव्हाही ती एवढीच होती आणि अशीच निघत होती, पण ते आठवायचं नाही. ‘हल्लीचा माल कडक येतो, छर्रे लागतात पण फुटत नाही’ असं म्हणायचं. नियम असा आहे की निदान एक तुकडा डोळ्यांनी सुटताना दिसला पाहिजे, नुसती धूळ उडाली तर शून्य. या धुळीवर कित्येकांची अब्रू टिकून आहे. ‘धूळ तर उडाली होती!’ एवढं पंचांकडे न बघता, थोडं मोठ्याने म्हणा. मागे उभे असलेले माना डोलावतील. त्यांचाही नंबर यायचा असतो.

मग सामान. काडतुसात २४ ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत, म्हणजे तिथे मापात भर घालायची सोय नाही. पण कंपनी बदलता येते. चोक, म्हणजे छर्र्यांचा फैलाव आवळणारा नळीच्या तोंडाचा तुकडा, बदलता येतो, आणि तो दर राउंडला बदलावा, म्हणजे नेमका कुठला चुकला हे कोणालाच सांगता येणार नाही. चष्म्याच्या काचा पिवळ्या, केशरी, जांभळ्या अशा मिळतात, तिन्ही घ्या. दस्त्याचा गालाकडचा भाग खालीवर करायला स्क्रू असेल तर सोन्याहून पिवळं. दोन स्टेशनांच्या, म्हणजे बार काढायला उभं राहायच्या जागांच्या, मधे, पाठीमागचे चार जण खोळंबलेले असताना, खिशातून ती वाकडी किल्ली काढून अर्धा आटा फिरवायचा आणि एक डोळा मिटून ‘हं’ म्हणायचं. पुढची तबकडी चुकली की अर्धा आटा उलटा. महिनाभरात तो दस्ता ज्याच्यासाठी बसवला होता तो माणूस तुम्ही राहत नाही.

एवढं होईपर्यंत कोच बोलणारच. त्याचं म्हणणं साधारण असं असतं: बार काढायच्या क्षणी तुम्ही गाल उचलताय. तबकडी फुटली का हे बघायची घाई होते, गाल दस्त्यावरून तांदळाच्या दाण्याएवढा सुटतो, डोळा तेवढाच वर जातो आणि छर्रे तबकडीच्या डोक्यावरून. शिवाय तुम्ही तबकडी बघायचं सोडून नळीचं टोक बघताय. नळी बघितली की हात थांबतो, हात थांबला की छर्रे मागे राहतात. हे सगळं खरं आहे, म्हणून ते अजिबात ऐकून घेऊ नका. एकतर यात विकत घेण्यासारखं काहीच नाही. आणि गाल हा माणसाचा खाजगी भाग आहे, त्याच्यावर आरोप म्हणजे वैयक्तिक टीका झाली.

कोचऐवजी मित्रांना विचारा. एक म्हणेल तबकडीच्या मागून बंदूक आण आणि ओलांडून जाताना मार. दुसरा म्हणेल आधीपासूनच हातभर पुढे राहा. दोन्ही रीती चालतात, त्यामुळे दोन्ही एकाच तबकडीवर वापराव्यात. तिसरा सांगेल, तबकडीच्या किती पुढे मारायचं ते अंतर नीट मोज. जरूर मोजा. तुमचं मोजून होईपर्यंत ती ७६ मीटरवर जाऊन सुखरूप उतरलेली असेल.

डोळे मात्र तपासू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट रोखायचं आणि एकेक डोळा मिटून बघायचा, ज्या डोळ्याला बोट जागेवरच दिसतं तो तुमचा मुख्य डोळा. अर्ध्या मिनिटाचं काम, फुकट होतं. पण उत्तर नको ते आलं तर? चाळिशी लागलेल्या माणसाने तसला धोका पत्करू नये.

घरच्या सरावाचंही तसंच. रिकामी बंदूक, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री, आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या रेघेवरून नळी सावकाश फिरवायची, खांद्याला लावायची, पुन्हा खाली. उजव्या कोपऱ्यापासून डाव्या कोपऱ्यापर्यंत. ही रेघ परळच्या वन बीएचकेतही असते, हीच तर अडचण आहे. जागा नाही म्हणायची सोय उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पडदा उघडा ठेवणे. समोरच्या इमारतीतल्या काकूंना खिडकीतून बारा बोअर दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर जे होईल, त्यानंतर तुमचा सराव कायमचा बंद, आणि दोष काकूंचा.

मुंबईने अशा बाबतीत माणसाला कधीच उघडं पाडलेलं नाही. खारी हवा आहे, नळीला गंज चढतो. पावसाळा आहे. हायवे आहे. लिफ्टमध्ये लांबट पेटी बघून ‘काय हो, सतार शिकताय?’ विचारणारे जोशी आहेत, त्याने एकाग्रता भंगते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. खेळाडूंना त्यातून सूट मिळू शकते हा तपशील चारचौघांत काढायचं कारण नाही. मुंबईत काही जमत नाही म्हणून विमानाने दिल्लीला, तुघलकाबादच्या करणी सिंग रेंजवर जाऊन या. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य आणणाऱ्या माणसाच्या नावाचं रेंज. तिथे १३ लागले तर धुकं होतं.

ठेवणीतलं कारणही सांगून ठेवतो, अगदीच नड असेल तेव्हा काढायचं. राज्यवर्धन सिंग राठोडांना २००४ ला अथेन्समध्ये रौप्य मिळालं ते डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम दोन तबकड्या उडवतात त्या प्रकारात, आणि टोकियोपासून तो प्रकार ऑलिम्पिकमधून काढून टाकला. तेव्हा लांब बघत म्हणायचं, ‘माझा खरा प्रकार डबल ट्रॅप होता.’ यापुढे कोणी काही विचारत नाही. तुम्ही तो कधी खेळला होतात का, हेही नाही.

काहींचं म्हणणं पडतं की मातीच्या तबकडीत जीव नाही म्हणून मन लागत नाही, खऱ्या पक्ष्यावर लागेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. पण लंडनला चुलतभाऊ असेल आणि खिसा जड असेल तर इंग्लंडात १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या रानकोंबड्याच्या जातकुळीतल्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो. हाकारे रान उठवतात, पक्षी डोक्यावरून उंच जातात आणि तुम्ही खाली ट्वीडचा कोट घालून उभे. तिथे गाल उचलला तरी छर्रे पक्ष्याच्या वरूनच जाणार, फक्त दर माणशी खर्च पौंडात. फायदा एकच, पण मोठा आहे. तबकडी चुकली की तुम्ही चुकलात. फेझंट चुकला की तुम्ही पक्षिप्रेमी.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या रविवारी, किल्ली घरी विसरल्यामुळे आणि मित्र लग्नाला गेल्यामुळे, चुकून नुसत्या तबकडीकडेच बघत उभे राहिलात आणि पटापट फुटायला लागल्या, तर घाबरून जाऊ नका. श्रेय जांभळ्या काचेला द्या. पिवळी आणि केशरी विकायला काढा, खाली लिहा: ‘क्वचित वापरलेल्या, मालकाचा फॉर्म उत्तम.’