‘दोन मिनिटांच्या कामा’बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरातल्या कॉम्प्युटरांवर ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज सारख्या कशा ठेवाव्यात या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणता: साध्या गोष्टीचा बाऊ केलाय. ग्रॅम्प्सचा सगळा फोल्डर क्लाउडवर टाकला की झालं, दोन मिनिटांचं काम. लेखकाला ग्रॅम्प्सच्या ५.२ आवृत्तीत फोल्डरची जागा बदलली हेही माहीत नाही. हौशी लोकांनी तांत्रिक सल्ले देऊ नयेत. आणि एवढीच अडचण असेल तर वंशावळ ऑनलाइन ठेवा, नाहीतर जेडकॉम (वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला साचा) करून न्या.

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याशी भांडून मला नवीन काही शिकवून गेलेले वाचक आहेत आणि त्यांचा मी ऋणी आहे. पण ‘हौशी लोकांनी’ हे वाक्य कशासाठी होतं? त्याने तुमचा मुद्दा तसूभरही पुढे सरकला नाही. हे लिहिताना समोर एक माणूस बसलाय, याचा विचार केला असतात तर बरं झालं असतं. आता विषय काढलाच आहे तर सांगतो. नोकरीत बरीच वर्षं कार्यालयाची मशीनं सांभाळणं हेच माझं काम होतं. एकाच प्रोग्रामच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या टेबलांवर सारख्या ठेवायच्या आणि कोणाचंही काम बुडू द्यायचं नाही, यावर माझा पगार होता. वंशावळीचं काम तर त्याहून जवळचं. वडिलांच्या वह्यांतली नावं मी जेडकॉम ५.५ च्या काळापासून कॉम्प्युटरवर चढवतोय. ते प्रमाण १९९६ चं. तेव्हा हौस आहेच, पण नुसती हौस नाही.

एक गोष्ट मान्य करतो. लिनक्सवर ५.१ पर्यंत सगळं काही घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट ग्रॅम्प्स’मध्ये असायचं. २०२४ मध्ये आलेल्या ५.२ पासून सेटिंग्ज ‘डॉट कॉन्फिग’खाली जातात आणि डेटा ‘डॉट लोकल’मधल्या ‘शेअर’खाली. लेखात जुना पत्ता होता, तिथे आता टीप जोडली आहे. पण हा बदल तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. खुद्द प्रोग्राम करणाऱ्यांनी सेटिंग्ज आणि डेटा वेगळे केले, आणि तुम्ही मला दोन्ही एकत्र उचलायला सांगताय.

आता ते वाक्य: ‘सगळा फोल्डर टाकला की झालं’. नाही होत. का, ते सविस्तर सांगतो, कारण हाच सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो ऐकून लोकांचं काम वाया जातं.

ग्रॅम्प्स.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला दोन अर्धविराम दिसतील. त्या ओळींत मूळची, कोणी न बदललेली किंमत असते. ज्या ओळींना ते नाहीत, त्या तुमच्या हातून किंवा तुमच्या मशीनमुळे बदललेल्या. आता फक्त त्या ओळी वाचत जा. तारीख कशी दाखवायची, व्यक्तींचे क्रमांक कोणत्या साच्यात पाडायचे, हे घराने मिळून ठरवायचं असतं, कारण क्रमांकांचे साचे मशीनगणिक वेगळे झाले तर नंतर निस्तरत बसावं लागतं. पण त्याच फाइलमध्ये मुख्य खिडकीची रुंदी आणि उंची आहे. शेवटी कोणतं झाड, म्हणजे कोणती वंशावळ, उघडलं होतं त्याचा संपूर्ण पत्ता आहे, फोटो जोडताना कोणता फोल्डर उघडायचा तेही आहे. हे सगळं त्या एका मशीनचं. एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवावा तसं ते दुसरीकडे नेऊन भागत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. ग्रॅम्प्स बंद होताना ही फाइल अख्खी लिहिली जाते. बदललेली तेवढीच ओळ नाही, सगळी फाइल. म्हणजे दोन मशीनवर प्रोग्राम उघडा असेल तर जो नंतर बंद करेल त्याचं खरं. आधी बंद करणाऱ्याने बदललेली सेटिंग गेली, तीही कसलीच सूचना न देता.

आमच्या घरी हे घडलेलं आहे. धाकट्या भावाने नेमकी तुमचीच युक्ती बसवून दिली होती. वहिनी टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर काम करायची, मी लॅपटॉपवर. माझ्या लॅपटॉपवर खिडकी तिच्या मापाची उघडायची आणि खालची बटणं पडद्याबाहेर. ते चालवून घेतलं. पण तिने एक गाळणी (फिल्टर) बनवली होती: मृत्यूची तारीख आहे पण जन्माची नाही अशी माणसं, त्यातही फक्त एका शाखेतली. असे बरेच नियम एकमेकांत गुंफून, विचार करून केलेलं काम होतं ते. गाळण्या कस्टम-फिल्टर्स नावाच्या एका एक्सएमएल फाइलमध्ये एकत्र राहतात. माझ्याकडे प्रोग्राम आधीपासून उघडा होता, म्हणजे त्याच्या डोक्यात जुनी यादी होती. मी माझी एक गाळणी बदलून जपून ठेवली आणि जुनी यादी नव्यावर चढली. वहिनीची गाळणी गेली. तिने ती पुन्हा बसून केली, तक्रार न करता. म्हणून ‘बाऊ’ हा शब्द मला लागला.

तुम्ही म्हणाल, सिंक करणारा, म्हणजे दोन मशीनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारा प्रोग्राम अशा वेळी दुसरी प्रत ठेवतो. ठेवतो. सिंकथिंग नावाचा असा प्रोग्राम तर फाइलच्या नावातच ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख आणि वेळ घालून ठेवतो. पण दोन्हीकडे बदल झाला हे त्याला कळलं तरच. इथे तिची फाइल माझ्या मशीनवर व्यवस्थित पोचली होती, त्यानंतर माझ्या ग्रॅम्प्सने तिच्यावर लिहिलं. सिंकच्या हिशेबाने तो साधा पुढचा बदल. आणि प्रत पडली तरी ग्रॅम्प्सला त्या प्रतीचा पत्ता नसतो, ती कोणीतरी आठवणीने शोधावी लागते.

डेटाचं याहून गंभीर आहे. ५.१ पर्यंत झाडांचा डेटा मूळ मांडणीत त्याच फोल्डरच्या पोटात असायचा, म्हणजे ‘सगळा फोल्डर’ म्हणताच तोही सिंकमध्ये आला. ५.१ पासून नवीन झाडं एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये राहतात. त्याच्या मुख्य फाइलशेजारी काम चालू असताना जर्नलची, म्हणजे अर्धवट बदलांची नोंद ठेवणारी, फाइल तयार होते, आणि त्या दोघींची जोडी फुटली तर डेटाबेस बिघडू शकतो, असं एसक्यूलाइटच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय. सिंक करणाऱ्याला ही जोडी ठाऊक नसते, तो एक फाइल आधी नेतो, एक मागाहून.

शिवाय कुलूप. झाड उघडलं की ग्रॅम्प्स त्याच्या फोल्डरमध्ये ‘लॉक’ नावाची छोटी फाइल ठेवतो, म्हणजे दुसऱ्याने ते उघडू नये. एकाच मशीनवर हे चोख चालतं. सिंकमध्ये ती फाइल उशिरा पोचली तर दोघंही निर्धास्तपणे तेच झाड उघडून बसतात. पुसल्याची बातमी उशिरा पोचली तर कोणीच काम करत नसताना झाड कुलूपबंद दिसतं, मग माणूस वैतागून कुलूप तोडतो. एकदा तोडायची सवय लागली की खरं कुलूपही तोडलं जातं.

म्हणून लेखात मी वेगळं करायला सांगितलं होतं, आणि ते तसंच ठेवतोय. गाळण्यांची फाइल आणि वरून घातलेले प्लगइन (जोड-प्रोग्राम) एवढंच सामायिक, तेही दोन्हीकडे प्रोग्राम बंद असताना हलवायचं. आयएनआय फाइल ज्याची त्याने ठेवायची; तारखेची आणि क्रमांकांची ओळ हाताने न्यायची, ती काही रोज बदलत नाही. झाड न्यायचं तर ग्रॅम्प्सच्याच एक्सएमएल बॅकअपमधून. स्वतः बनवलेले नावाचे साचे आणि खुणा (टॅग) तशाही झाडातच राहतात, त्या त्याबरोबर जातात. आणि गाळणीत एखादी व्यक्ती तिच्या क्रमांकाने नेमलेली असेल तर दोन्हीकडे क्रमांक तेच असायला हवेत, हेही तिथे लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलंत असं वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात. जेडकॉम ५.५.१ घ्या की २०२१ चं ७.०, त्यात माणसं आणि नाती जातात, प्रोग्रामच्या सेटिंग्जला जागाच नाही. त्यामुळे तो उपाय या प्रश्नाला लागूच होत नाही. ऑनलाइनचं म्हणाल तर आमच्या झाडात हयात माणसं आहेत, त्यातल्या काहींनी माहिती घराबाहेर न्यायला मनाई केली आहे. तो विषय माझ्याकडून तिथेच संपतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्याकडे सगळा फोल्डर सुरळीत चालतोय असं तुम्ही म्हणता. मग दोन्ही मशीनवरची गाळण्यांची फाइल उघडा, शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा आणि काय दिसलं ते इथेच लिहा. मात्र हौशी कोण, हा विषय त्यात नको.